यादीत नसलेलं

जून लागला की आमच्या गल्लीची बैठक होते
हरिपूरच्या शाळेत, माडीवरच्या वर्गात,
कारण त्या वर्षी पाणी फक्त तिथवर आलं नव्हतं.
वही माझ्याकडे असते.
कुणाकडे शिडी, कुणाकडे दोर, कुणाची म्हैस गाभण,
कोण रोज इन्सुलिन टोचतं, कोण पाणी बघून थिजतं.
शमशाद नर्स, म्हणून तिच्या नावाखाली दोन रेघा.
गॅसच्या सहा टाक्या. तांदूळ दीड क्विंटल.
माडीच्या कुलपाची किल्ली : पायगोंडा.
दुसरी किल्ली कुणाकडे, यावर तासभर भांडण,
मग चहा.

भूपाल मगदूम बैठकीला येत नाही.
एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं इंजिनं खोलली,
आता गच्चीवर स्वतःचं बेट मांडून बसलाय :
निळे ड्रम, क्लोरीन, शिट्टी, ट्रकची ट्यूब,
शेंगाचटणीच्या बरण्या, तारखा घातलेल्या,
आणि एक गुऱ्हाळ मोडलं तेव्हा वजनावर घेतलेली काहील,
पालथी, कासवासारखी.
"तुमची वही भिजंल," म्हणतो.
"माणसं वाढली की आधी निरोप बुडतो."

खोटं कसं म्हणू?
त्या वर्षी निरोप आला, पाणी उतरतंय.
आम्ही सगळ्यांनी मिळून 'जरा थांबूया' ठरवलं,
आणि ते ठरेपर्यंत
त्याच्या आईचा दम्याचा पंप संपला होता.

यंदा ऑगस्टात पुन्हा तेच :
कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीनं किती अडवलं,
आयर्विन पुलाच्या पट्टीवर आकडा चढत गेला
आणि पायगोंडा किल्ली घेऊन मिरजेला, सासुरवाडीत.
कुलूप दगडानं फोडलं.
तांदळात सोंडे निघाले. एक टाकी रिकामीच होती,
कुणी वापरली ते कुणी सांगेना.
तरी रात्री कंदिलाच्या उजेडात मी नावं वाचली.
सत्तेचाळीस हजर.
अठ्ठेचाळिसावं नाव शेवटच्या पानावर होतं,
पेन्सिलनं, त्याला न विचारता लिहिलेलं.

पहाटे खिडकीतून दिसली काहील.
गल्लीच्या मधोमध, गरगरत.
गोल भांड्याला नाक नसतं,
एका बाजूनं वल्हवलं की ते स्वतःभोवतीच फिरतं.
त्यानं ती गच्चीवर शंभरदा तपासली होती, कोरडी.
बांबू मारत होता, शिट्टी तोंडात,
वाजवत मात्र नव्हता.

हळदीच्या पेवात एकट्यानं उतरू नये,
दोराच्या वरच्या टोकाला माणूस लागतो,
हे हरिपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
शमशादचा तौफिक वहीतला दोर कमरेला बांधून पोहत गेला,
काहिलीच्या दुसऱ्या कडेला लटकला.
तेव्हा कुठं ती सरळ चालली.

मग अकरा फेऱ्या झाल्या.
खालच्या आळीची म्हातारी माणसं, दोन बाळंतिणी, एक करडू.
एका खेपेला चौघं, भूपालनं सांगितलं.
पाचवा चढू लागला तर त्याच्या बोटांवर बांबू हाणला.
पाचवा माझा दीर होता.
तो पुढच्या खेपेला आला, बोटं सुजलेली, जिवंत.
आमच्यातल्या एकालाही ते जमलं नसतं,
असं तोंडावर नाही म्हणणं.

पाणी उतरलं. चिखल उपसून झाला.
काहील त्यानं परत गच्चीवर नेली, दोरासकट.
मागायला गेले तर म्हणाला, "वापरात हाय."
मी वहीत लिहिलं, दोर : मगदूम.
बैठकीला तो अजूनही येत नाही.

आणि वहीत एक गोष्ट मी लिहिलेली नाही.
माझ्या खाटेखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे :
बॅटरी, गोळ्या, दूध पावडरीची दोन पाकिटं,
थोडे पैसे, एका माणसाला आठ दिवस पुरतील इतके.
तौफिकनं तो पाहिलाय, खाट हलवताना.
काही बोलला नाही.
नुसता पायानं आत सरकवला.